तालमीच्या भिंतीसाठी एक कागद : क्रिएटिनच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

श्रावणी सोमवार, त्यात पाऊस. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अकराच्या सुमाराला वस्ताद आले, हातात पिशवी. काउंटरवर एकेक करून चार डबे मांडले आणि म्हणाले, "ह्यातलं खरं कुठलं, तेवढं एका कागदावर मराठीत लिव्हून द्या. भिंतीला लावतो. पोरं रोज भांडाय लागल्यात, माझं भारी का तुझं भारी."

चारही डबे क्रिएटिनचेच, म्हणजे स्नायूंच्या जोरासाठी घेतात त्या पदार्थाचे, पोरांनी आपापल्या पैशानं आणलेले. नोंदींपुरती नावं देऊन टाकतो. अ म्हणजे साधं मोनोहायड्रेट, २५० ग्रॅम पांढरी पूड, लेबलही तसंच साधं. ब म्हणजे हायड्रोक्लोराइड, ज्याला पोरं एचसीएल म्हणतात. छोटा डबा, मोठी किंमत. क म्हणजे 'बफर्ड', अल्क मिसळलेलं, कॅप्सूलमध्ये. ड हा पाच क्रिएटिनांचं मिश्रण असलेला काळा डबा, ज्यावर विजा चमकतायत: मोनोहायड्रेट, मॅलेट, सायट्रेट, नायट्रेट आणि इथाइल एस्टर.

मी फार्मसी शिकलेला, औषधाचं दुकान चालवतो, आणि कॉलेज संपेपर्यंत ह्याच तालमीत जोर-बैठका मारल्यात. वस्तादांना नाही म्हणायची सोय नाही.

कामाला लागण्याआधीचं माझं मत इथं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर फिरवता येणार नाही: ब जिंकेल. कॉलेजात हेच डोक्यात बसलंय. औषध पाण्यात नीट विरघळत नसेल तर आम्लाशी जोडून त्याचा क्षार करा, ब तसाच. विरघळणं वाढलं की अंगात उतरणंही वाढतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

दोन रात्री वाचन. आधी मूळ गोष्ट, कारण कागदाची सुरुवात तिथूनच करावी लागेल.

स्नायूला लागणारी ताकद एटीपी नावाच्या रेणूतून येते आणि ती शिल्लक फार थोडी असते, जोर लावला की दोन-तीन सेकंदांत संपण्याइतकी. ती लगेच भरून द्यायला स्नायूत क्रिएटिनपासून बनलेलं फॉस्फोक्रिएटिन साठवलेलं असतं. त्यावर आणखी काही सेकंद निघतात, दहाच्या आतबाहेर. दुहेरी पट काढायला जेवढा वेळ लागतो तेवढा हा खेळ. मग थोडा श्वास मिळाला की साठा पुन्हा भरतो. म्हणून क्रिएटिनचा उपयोग दिसतो तो पुन्हापुन्हा थोडा वेळ पूर्ण जोर लावणाऱ्याला: कुस्ती, कबड्डी, वजन उचलणं, छोट्या धावा. लांब पल्ल्याच्या धावकाला त्यातून फारसं काही मिळत नाही, उलट वजन वाहावं लागतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०११ साली जो दावा मान्य केला तोही एवढाच, की रोज ३ ग्रॅम घेतल्यास लागोपाठच्या, थोड्या वेळाच्या, जोरकस व्यायामात कामगिरी सुधारते.

सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं ९५ टक्के स्नायूंत. रोज त्यातलं सुमारे २ ग्रॅम झिजून क्रिएटिनिन होतं आणि लघवीवाटे जातं. ती झीज निम्मी शरीर स्वतः भरून काढतं, निम्मी खाण्यातून. हा २ ग्रॅमचा आकडा अधोरेखित करून ठेवलाय, पुढे लागेल असं वाटतंय.

इतिहासही वाचला. १८३२ मध्ये शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं मांसातून हा पदार्थ काढला आणि मांसाच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव ठेवलं. १८४७ मध्ये जर्मनीच्या लिबिगला शिकारीत मारलेल्या रानातल्या कोल्ह्यांच्या मांसात पाळीव कोल्ह्यांच्या दहापट क्रिएटिन सापडलं. पळणाऱ्याच्या अंगात जास्त, बसून खाणाऱ्याच्या कमी. हे वस्तादांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "बघा, मेहनत. डब्यात काय बी न्हाई."

१० ऑगस्ट, रविवार

स्वयंपाकघर प्रयोगशाळा केलं. दुकानातला बारीक काटा घरी आणला, चार काचेचे ग्लास, थर्मामीटर. पाणी २७ अंश.

आधी स्कूप. अ च्या डब्यातल्या स्कूपवर ३ ग्रॅम लिहिलंय. सपाट भरून पाच वेळा मोजला, ३ च्या आसपासच आला. मग भाच्याला म्हटलं, तू रोज भरतोस तसा भर. त्यानं शिगोशीग भरला: ४.६. म्हणजे कोणतं रूप चांगलं ह्यावर भांडणारी पोरं स्कूपमध्येच दीडपटीचा फरक करतायत.

मग विरघळणं. अ मधली ५ ग्रॅम पूड २०० मिली पाण्यात टाकली, मिनिटभर ढवळली, थांबलो. तळाशी पांढरा गाळ. वरचं पाणी ओतून, गाळ वाळवून वजन केलं तर १.७ ग्रॅम निघालं, म्हणजे ३.३ विरघळलं. पुस्तकातला आकडा असा: २० अंशाच्या लिटरभर पाण्यात १४ ग्रॅम, ५० अंशाला ३४ ग्रॅम. माझं पाणी मधलं, तेव्हा हिशोब बसतो. हीच ५ ग्रॅम पूड मोठ्या तांब्याभर पाण्यात किंवा कोमट दुधात टाकली की थोडं ढवळल्यावर जाते.

ब मधली दीड ग्रॅम पूड टाकल्या टाकल्या नाहीशी झाली. पाणी काचेसारखं. चव मात्र आंबट, दात आंबतील अशी. आणि डब्यात पावसाळी हवेनं गोळे झालेत, स्कूपला चिकटतात.

क ची कॅप्सूल उघडून टाकली: गाळ अ सारखाच. कागदाची पट्टी बुडवली तर अल्कधर्मी, अपेक्षेप्रमाणे. ड गुलाबी झाला आणि घरभर कृत्रिम कलिंगडाचा वास पसरला. बायकोनं खिडक्या उघडल्या.

ग्लासातली कुस्ती ब नं मारली, चितपट. माझं मत अजून शाबूत.

ता. क. : दुकानात 'मायक्रोनाइज्ड' म्हणून वेगळा डबा मिळतो. ते वेगळं रूप नव्हे, मोनोहायड्रेटच, फक्त बारीक दळलेलं. रवा आणि मैदा, गहू एकच. गाळ जरा कमी बसतो आणि घशाला खरखर लागत नाही, इतकंच.

११ ऑगस्ट, सोमवार

आज कागदावर गणित. डब्यातली सगळी पूड क्रिएटिन नसते. सोबत जोडलेला रेणूही वजनात धरलेला असतो. मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा एक रेणू, हायड्रोक्लोराइडमध्ये आम्ल, नायट्रेटमध्ये नायट्रिक आम्ल.

सकाळी घाईत ब चं क्रिएटिन मी अ पेक्षा जास्त काढलं होतं. संध्याकाळी पुन्हा बघितलं तर चूक: आम्लाचं वजन धरायचंच राहिलं होतं. आवडत्या पैलवानाला पंचानं एक गुण जास्त द्यावा तसं झालं. दुरुस्त आकडे असे. मोनोहायड्रेट ८७.९ टक्के क्रिएटिन. हायड्रोक्लोराइड ७८.२. ट्रायक्रिएटिन मॅलेट साधारण ७५. नायट्रेट आणि सायट्रेट दोन्ही ६७ च्या जवळ. इथाइल एस्टरचा बाजारात मिळणारा क्षारही ६७. म्हणजे साध्या पुडीतच वजनामागे सगळ्यात जास्त माल, तिच्यापुढे फक्त पाणी काढून टाकलेलं निर्जल क्रिएटिन, ते शंभर टक्के.

आता त्या २ ग्रॅमचा उपयोग. ब च्या डब्यावर एका वेळचा डोस ७५० मिलिग्रॅम लिहिलाय, त्यात खरं क्रिएटिन जेमतेम ०.५९ ग्रॅम. रोजची झीज २ ग्रॅम. अ च्या ३ ग्रॅममध्ये २.६४ ग्रॅम. 'आमचा डोस छोटा पुरतो' ह्या वाक्यामागे मग काहीतरी चमत्कार असायला हवा: एक तर अ मधलं बहुतेक वाया जात असणार, नाहीतर ब चा डोस अपुरा असणार.

भावही लिहून ठेवतो, पोरांनी दिलेल्या पैशांवरून. अ च्या पुडीत एक ग्रॅम क्रिएटिन सुमारे साडेतीन रुपयाला पडलं. ब मध्ये सव्वादहाला. क मध्ये बावीसच्या पुढे, कारण कॅप्सूलमध्ये भरण्याचे पैसे. ड चं गणित करताच येत नाही, कारण लेबलवर पाचांची मिळून बेरीज दिलीय, कोणाचं किती ते नाही. औषधाच्या पट्टीवर असं छापलं तर आमचं लायसन जाईल.

१३ ऑगस्ट, बुधवार

माझं मत आज पडलं. सावकाश पडलं, म्हणून नीट लिहितो.

विरघळणं वाढलं की शोषण वाढतं, हा नियम खरा, पण कुठं? जिथं शोषण मुळात अडलेलं आहे तिथं. मोनोहायड्रेटचं शोषण अडलेलंच नाही. तोंडावाटे घेतलेलं जवळजवळ सगळं रक्तात जातं. मग ते एक तर स्नायूत शिरतं, नाहीतर लघवीतून बाहेर पडतं. शंभरातले नव्याण्णव आत जात असतील तर ब ची अडतीस पट विद्राव्यता घेऊन आणखी काय आत ढकलणार? आणि पोट म्हणजे २०० मिलीचा ग्लास नव्हे. आतड्यात विरघळलेलं उचललं जातं तसं उरलेलं पुढे विरघळत जातं. मी ग्लासात बसलेला गाळ बघितला आणि तो पोटातही तसाच बसणार असं धरून चाललो. दुकानदाराची नजर.

खरी अडचण पुढे, स्नायूच्या दारात आहे. क्रिएटिन आत नेणारा वाहक प्रथिन ठरावीकच नेतो, आणि साठा भरत आला की दार मिटत जातं. हे १९९२ सालीच दिसलं. हॅरिस, सॉडरलुंड आणि हुल्टमन ह्यांनी १७ जणांना ५-५ ग्रॅम मोनोहायड्रेट दिवसातून चार-सहा वेळा दिलं आणि स्नायूचे नमुने तपासले. ज्यांचा साठा आधी कमी होता त्यांचा जास्त वाढला, आणि सगळ्यात जास्त शिरलं पहिल्या दोन दिवसांत. मला सगळ्यात आवडलं ते हे: काहींना रोज तासभर एकाच पायानं व्यायाम करायला लावला. त्या पायाच्या स्नायूत दुसऱ्या पायापेक्षा जास्त क्रिएटिन गेलं. माणूस तोच, रक्त तेच, पूड तीच.

वस्तादांना हे सांगायलाच हवं. त्यांच्या 'मेहनत, डब्यात काय बी न्हाई' मधलं अर्धं तरी खरं निघालं.

१९९६ मध्ये हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रोज २० ग्रॅम सहा दिवस घेतलं की स्नायूतला साठा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. रोज ३ ग्रॅम घेतलं तर अठ्ठावीस दिवसांत तिथंच पोचतो. घाई असेल तर हप्ता, नसेल तर महिना. पोट बिघडतं ते बहुतेक घाईवाल्यांचं, एकदम मोठा डोस घेतल्यानं.

१६ ऑगस्ट, शनिवार

क आणि ड निकालात काढले. एकाच बैठकीत झालं.

बफर्डचा दावा असा की पोटातल्या आम्लात साधं क्रिएटिन नासून क्रिएटिनिन होतं, म्हणून त्यात अल्क घातलंय. ऐकायला पटतं. पण तीव्र आम्लात, पोटात असतं तसल्या, हे नासणं उलट फार मंदावतं. आणि पोटाच्या आम्लापुढे कॅप्सूलमधलं चिमूटभर अल्क किती टिकणार? २०१२ मध्ये अमेरिकेत ३६ सराव असलेल्या खेळाडूंवर अठ्ठावीस दिवस तुलना झाली. कंपनीनं सांगितलेला छोटा डोसही दिला, आणि मोनोहायड्रेटच्या बरोबरीचा मोठाही. स्नायूतलं क्रिएटिन, ताकद, अंगकाठी, कशातही बफर्ड वरचढ ठरलं नाही.

इथाइल एस्टरची गोष्ट त्याहून वाईट. एस्टर केल्यानं पेशीच्या भिंतीतून सहज शिरेल, हा हिशोब. प्रत्यक्षात तो स्वतःच वळून झपाट्यानं क्रिएटिनिन होतो. म्हणजे जे शरीर लघवीतून टाकून देतं, तेच आपण पैसे देऊन घेतो. २००९ च्या चाचणीत तो घेणाऱ्यांच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं सापडलं, आणि ताकदीत मोनोहायड्रेटपेक्षा काही जास्त मिळालं नाही.

नायट्रेट, मॅलेट, सायट्रेट ह्यांवर जास्त वेळ घालवला नाही. विरघळतात बरे, वजनामागे माल कमी. मोनोहायड्रेटला मागे टाकल्याचा पक्का पुरावा कोणाकडेच नाही. २०१७ मध्ये क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं शेकडो अभ्यास चाळून जो निष्कर्ष दिला त्यातही मोनोहायड्रेटच वर आहे.

पाण्यात आधीच मिसळून विकतात त्या बाटल्यांविषयी मात्र दोन ओळी कागदावर हव्यात, कारण पोरं हेच घरी करतात: लिंबू सरबतात पूड टाकून बाटली तीन दिवस पिशवीत. कोरडी पूड वर्षानुवर्षं टिकते, ओली टिकत नाही. २५ अंशाला तीन दिवसांत, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आंबट) ५.५ असेल तर ४ टक्के नासतं, ४.५ ला १२, ३.५ ला २१. सरबतात घालून लगेच प्यायलं तर काही बिघडत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी तालमीत. माझ्या डोक्यात एक भव्य बेत होता: बारा पोरं, दोन गट, एकाला अ, दुसऱ्याला ब, महिन्यानं अदलाबदल, कोणाला काय दिलंय ते फक्त मला ठाऊक. वही काढली आणि तिथंच मिटली.

बारातली सात अठराच्या आतली. त्यांना मी हे देणार नाही; त्यावर मोठमोठ्या लोकांत मतभेद असतील, माझ्या दुकानापुरता निर्णय माझा. उरली पाच. त्यांतल्या तिघांनी आधीच काही ना काही चालू केलंय, आणि स्नायूतला वाढलेला साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. अदलाबदल करायची तर मध्ये एवढं थांबावं लागेल. त्यात श्रावण, मग गणपती. आणि पाच जणांच्या बैठका मोजून कोणतं रूप भारी हे कळणार असतं तर लोकांनी स्नायूंचे तुकडे काढून कशाला तपासले असते?

ओरडून ओरडून एकच प्रश्न विचारला, "आत्ता किती जण मटण खातायत?" सगळे हसले. श्रावणात कोण खातंय.

१८ ऑगस्ट, सोमवार

कालच्या हसण्यावरून सुचलं. क्रिएटिन मिळतं मांसात आणि माशांत. कच्च्या लाल मांसात किलोमागे साधारण ४ ते ५ ग्रॅम. वनस्पतींत जवळपास शून्य, दुधात अगदी नावाला. पैलवानाचा खुराक दूध, तूप, बदामाची थंडाई, कितीही भारी असला तरी ह्या एका बाबतीत रिकामा. शाकाहारी माणसाच्या स्नायूतला साठा कमी असतो, आणि पूड घेतल्यावर वाढही त्याचीच जास्त. कॅनडात २००३ मध्ये आठ आठवडे व्यायाम करवून हे तपासलं होतं.

मांसातून ५ ग्रॅम काढायचे तर किलोभर मटण लागेल, आणि शिजवताना काही भाग क्रिएटिनिन होतो, काही पाण्यात उतरतो. म्हणजे रस्सा ओरपणारा शहाणा. कोल्हापूरकराला हे सांगायची गरज नाही.

वारकरी घरातली दोन पोरं तालमीत आहेत, गळ्यात माळ. पूड कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइडपासून बनते, तिच्यात प्राण्याचं काही नसतं. फक्त कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं. क च्या डब्यावर हिरवा ठिपका शोधला. नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रात्री भाचा आला. वय एकवीस, ७४ किलो गटात खेळतो. तोंड पडलेलं.

"मामा, वजन वाढलंय."

"किती?"

"एक किलो चारशे. आठ दिवसांत."

गेल्या बुधवारी मला न विचारता त्यानं हप्ता चालू केला होता. रोज २० ग्रॅम, अ मधूनच, शिगोशीग. म्हणजे वीस नव्हे, तीसच्या घरात. ७४ किलोच्या माणसाला हप्त्याचा हिशोब किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे २२. वाढलेलं बहुतेक पाणी आहे, क्रिएटिनबरोबर स्नायूत शिरलेलं. व्यायामशाळेतल्या माणसाला आरशात बघून आनंद होईल असं. पैलवानाला काट्यावर रडू येईल असं. निवड चाचणी २१ सप्टेंबरला.

इतके दिवस मी चार डब्यांत फरक शोधत बसलो आणि तालमीला ज्यानं खरा फरक पडतो ते पहिल्या कागदावर नव्हतंच. रूप कोणतंही घ्या, काम करणारं असेल तर वजन वाढवणारच. वजन वाढत नाही म्हणून जाहिरात करणाऱ्या रूपात बहुधा डोसच अपुरा असतो.

भाच्याला विचारलं, आता काय करणार? म्हणाला, घाम काढतो. प्लास्टिक घालून पळतो.

त्याला बसवला आणि १९९७ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर ह्या काळात अमेरिकेत तीन कॉलेजांतले तीन पैलवान वजन उतरवताना मेले. नॉर्थ कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन. सुरुवातीला बोट क्रिएटिनकडे गेलं, चौकशी झाली. कारण निघालं ते वेगळंच: रबरी कपडे, तापवलेल्या खोल्या, पाणी बंद, आणि त्यात सायकल. अंग तापून आणि पाणी आटून गेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी कपडे आणि गरम खोल्यांवर बंदी आली. पूड निर्दोष सुटली, पण ती ज्या पैलवानाला दीड किलो चढवते त्याला त्या खोलीच्या दाराशी नेऊन उभं करते, हे मी पोराला स्पष्ट सांगितलं.

तो काही बोलला नाही. आईनं दिलेला जेवणाचा डबा घेतला आणि गेला.

२५ ऑगस्ट, सोमवार

दुकानात एक गृहस्थ रिपोर्ट घेऊन आले. क्रिएटिनिन मर्यादेच्या जरा वर, घरात रडारड. मुलगा पंचवीसचा, जिमला जातो. विचारल्यावर कळलं, ड सारखंच मिश्रण घेतो. डॉक्टरांना सांगितलं का? नाही, "ते औषध थोडंच आहे."

क्रिएटिन घेणाऱ्याचं क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, मूत्रपिंड धडधाकट असलं तरी, कारण ते क्रिएटिनचीच राख आहे. इथाइल एस्टर असेल तर आणखी. त्यामुळे घाबरलेले आणि मग सुटलेले रुग्ण वैद्यकीय मासिकांत नोंदलेले आहेत. निरोगी माणसानं सांगितलेल्या डोसात घेतलं तर मूत्रपिंड बिघडतं असं आढळलेलं नाही. पण ज्याचं आधीच बिघडलंय त्याला हे कसं कळणार? म्हणून मी त्यांना समजावत बसलो नाही. डबा घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे, तिला क्रिएटिननं फरक पडत नाही, ती करायची का ते डॉक्टर ठरवतील.

कागदात ओळ वाढवली: रक्त तपासायला जाताना डबा सोबत न्या.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घरी गणपती, मोदकांचा तिसरा दिवस, तरी तासभर काढला.

भेसळीचा भाग. क्रिएटिन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही. पण पोराच्या नमुन्यात दुसरं काही सापडलं तर 'डब्यात होतं, मला माहीत नव्हतं' हे चालत नाही. अंगात जे आहे त्याला खेळाडू जबाबदार. म्हणून मिश्रणं नकोत. जितकी नावं जास्त तितक्या वाटा जास्त. एकाच पदार्थाचा डबा, त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, आणि शक्य असेल तर त्या बॅचची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी झाल्याची खूण. नंबर असला म्हणजे डबा तपासलेला असतो असं मात्र नाही. तो कंपनीचा परवाना.

शुद्धतेत फरक असतो, हे खरं. बनवताना डायसायनडायमाइड, डायहायड्रोट्रायाझिन असले अंश राहू शकतात. बव्हेरियातल्या ट्रोस्टबर्गची 'क्रिएप्युअर' पूड ह्याच मुद्द्यावर महाग विकली जाते. जादा पैसे द्यायचेच असतील तर ते मोनोहायड्रेटच्या शुद्धतेला द्यावेत, नवीन नावाला नकोत. हे माझं मत, आकड्यांतून आलेलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

मसुदा वस्तादांना वाचून दाखवला. दीड पान झालं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढं कोण वाचतंय? दहा ओळी करा."

दहा केल्या. साधं मोनोहायड्रेट घ्या. रोज ३ ग्रॅम, सपाट स्कूप, व्यायामानंतर जेवणाबरोबर. हप्त्याची घाई नको. स्पर्धेला दोन महिने असतील तरच सुरू करा. आधी वजन लिहून ठेवा. अठराच्या आत नको. मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाब, कुठलंही औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. मिश्रण नको. भिजवून ठेवू नका. वजन उतरवायला पाणी तोडू नका.

वस्तादांनी अकरावी सांगितली, ती तशीच घातली: "सकाळी पाचला जो आला न्हाई त्यानं डबा आणू नये."

एचसीएलवाल्या पोरानं विचारलं, मग माझं फेकून देऊ काय? नाही. संपव. पण ७५० मिलिग्रॅमवर भरवसा ठेवू नको. मोनोहायड्रेटनं ज्याचं पोट खरंच बिघडतं त्यानं आधी डोस अर्धा करून, जास्त पाण्यात घेऊन बघावं. तरी जमलं नाही तर एचसीएल घ्यायला माझी हरकत नाही. पैसे त्याचे.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज अंग मोडून आलंय. कागद भिंतीला लागला, मारुतीच्या डाव्या बाजूला, काट्याच्या बरोबर वर. जागा वस्तादांनी निवडली.

भाच्यानं पूड २२ ऑगस्टलाच बंद केली. साठा उतरायला चार-सहा आठवडे, चाचणी दोन आठवड्यांवर. आज सकाळी ७५.१. वस्ताद म्हणतात ७९ त उतरव, अंगात जोर आलाय तर खेळू दे. बहीण म्हणते त्याला ७४ तच ठेवा, त्या गटात त्याची ओळख आहे. भाचा दोघांकडे बघतो आणि माझ्याकडे बघत नाही.

मी एवढंच ठरवलंय की पाणी तुटणार नाही. जेवणातलं मीठ आणि रात्रीचा भात कमी केलाय. पुढचं वजन येत्या रविवारी, सकाळी पाचला, लंगोटावर.